पात धरून चालायची सवय

कुंभार पिंपळगावचा राजानंद तेवीस वर्षं हिमालयात रस्त्यावरचा बर्फ काढायच्या कामावर होता. मजूर म्हणून लागला, मजूर म्हणूनच सुटला. आता पासष्टीचा आहे. गुडघे कुरकुरतात. पण माघात पहाटे गारठा पडला की त्याला तिकडची वाट दिसते. बर्फ वितळवून केलेला चहा आठवतो, आणि सर्जेरावाच्या शिव्या. सर्जेराव शेजारच्या गावचा, त्याच्याच बरोबर भरती झालेला. दोन वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून हे बोलायला माणूस राहिला नव्हता.

मग पुतणी संध्या भेटायला आली. ती जालन्यात शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी सहा जणांबरोबर बर्फातल्या ट्रेकला निघणार होती.

राजानंदने बायकोकडून, प्रभावतीकडून, सूप मागवलं. त्यात ज्वारी पसरली, वर गव्हाचं पीठ दाबून थापलं आणि सूप हळूहळू तिरपं केलं. पिठाचा थर अखंड निसटून खाली आला.

"पीठ वाया घालवू नका," प्रभावती आतून म्हणाली.

"बर्फाचंबी असंच," राजानंद म्हणाला. "खालचा थर दाण्यावाणी सुटा, वरचा वाऱ्यानं थापलेला. माणसाचं वजन पडलं की वरचा सुटला. उतार एकेकानं ओलांडायचा. दुसऱ्यानं कडेला थांबून बघायचं."

"काका, मास्तरीण मी हाये का तुमी?"

"हसू नको. आमी तिघं संगंच गेल्तो."

आपल्याकडे खुरपायला बसलं की प्रत्येक जण आपली पात धरतो, म्हणजे आपली ओळ. सगळे खांद्याला खांदा लावून पुढे सरकतात. कोणी मागे पडला तर बाकीचे हात लावून त्याची पात पुरी करतात. राजानंद, सर्जेराव आणि गावाकडचाच आणखी एक जण, हे तिघे बर्फाच्या उतारावरही तसेच निघाले. मुकादम ओरडत होता, एकेक जा. सर्जेराव म्हणाला, "गाववाल्याला मागं टाकून जाऊ का?" अर्ध्यावर उतारावरचा बर्फ सुटला. दोघे कडेला फेकले गेले. सर्जेरावाचा फक्त हातमोजा वर दिसत होता.

घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा बसतो. राजानंद वरूनच खणायला लागला. मुकादमाने त्याला ओढून खालच्या अंगाला उभं केलं. खालून आडवं खणलं की बर्फ उचलावा लागत नाही, मागे ढकलला की झालं. अकरा मिनिटांत तोंड मोकळं झालं. सर्जेरावाने श्वास घेतला आणि पहिली शिवी मुकादमाला हासडली.

ही गोष्ट सांगताना राजानंद हसला. संध्या हसली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "काका, दोन दिवस बर्फ पडून राह्यला होता. आज लख्ख ऊन हाये. वाटाड्या कचरतोय, बाकीचे म्हणतेत चला."

"वारं होतं?"

"लई."

"पाय ठेवला की खालून हुप्प आवाज येतो का? बर्फाला चिरा जातेत का?"

ती फोन चालू ठेवून तंबूमागच्या सपाटीवर गेली. राजानंद उभा राहून ऐकत होता. बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

"येतो," ती म्हणाली. "चीर पार दगडापर्यंत गेली."

"मंग खालचा थर सुटाच हाये. माघारी फिर. बिलकुल पुढं जायचं न्हाई."

"वर्षभराची सुट्टी साठवली होती, काका. सगळे मला भित्री म्हणतील."

"म्हणू दे. सर्जेरावाला काढताना माझ्या हातांची सालटं निघाली. तुला काढायला मी तिथं न्हाई."

मग फोन कटला.

दुपारचं जेवण त्याने ताटातच ठेवलं. चारच्या सुमारास फोन वाजला. खालच्या गावातून संध्या बोलत होती. तिने वाटाड्याची बाजू धरली, आणि कुरकुरत सगळेच उतरले होते.

"दिवसभर उतार समोर दिसत होता, काका. घसरलाच न्हाई. सगळे मला बोलून राह्यले."

"न्हाई घसरला ना?" राजानंद म्हणाला. "बेस झालं. तू जेवलीस का?"