हादरणारी दांडी

भूकंपात आमचं औशाकडचं घर पडलं. मातीच्या जड माळवदाखाली वडील गेले, आईला गावकऱ्यांनी दगडमातीतून ओढून काढलं. मी तेव्हा नांदेडला शिकत होतो म्हणून वाचलो. नंतरचे धक्के मात्र आईसोबत तंबूत बसून सोसले. पुढे लातुरात कोचिंग क्लासेस वाढत गेले, मला भौतिकशास्त्र शिकवायचं काम मिळालं आणि आम्ही शहरात आलो. घर पत्र्याचंच हवं, हा आईचा हट्ट होता. स्लॅबखाली ती पाठ टेकवायला तयार नव्हती.

विमानं मला लहानपणापासून आवडायची. पंखावरचा हवेचा दाब फळ्यावर शिकवताना माझा आवाज आपोआप चढायचा. लग्नानंतर घरात कॉम्प्युटर आला, तेव्हा एका सहकाऱ्यानं त्यात विमान उडवायचा सिम्युलेटर घालून दिला. क्लासवरून आलो की मी त्याच्यासमोर बसायचो. उडणं जमायचं, उतरणं जमायचं नाही. कीबोर्डचं बटण एक तर दाबलेलं असतं, नाहीतर सोडलेलं, आणि धावपट्टीजवळ विमानाला लागतो हलका हात. दरवेळी ते आपटायचं. बायको म्हणायची, "अहो, खेळच आहे ना? मग घाम कशाला फुटतो?" मी पुन्हा विमान वर न्यायचो.

विमान वळवायच्या दांडीसाठी, म्हणजे जॉयस्टिकसाठी, लातुरातली दुकानं धुंडाळली. मिळाली ती पोरांच्या खेळाची प्लास्टिकची दांडी, खिळखिळी, विमान सरळ असतानाही डावीकडे ओढणारी. "सर, पोरासाठी घ्यायलात का?" दुकानदार विचारायचे. आम्हाला मूल नव्हतं. मी हो म्हणायचो.

शेवटी नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर एक दुकानदार भेटला. इंजिनिअरिंगच्या पोरांना तो नाना तऱ्हेचं सामान पुरवायचा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"सर, हैदराबादहून एक चीज मागवतो. आत मोटारी हायेत. विमान जेवढं जोर करतं, तेवढा जोर तुमच्या हाताला लागतो."

"खऱ्यासारखा?"

"एकदम अस्सल. हातात घेऊन बघा, मग बोला."

दांडी यायला बरेच दिवस लागले. मधल्या काळात मी त्याला इतके फोन केले की तो माझा आवाज ओळखायला लागला. आली तशी मी सुट्टी काढून गेलो, आणि परतताना एसटीत ती मांडीवरून खाली ठेवली नाही. बसला खड्डा लागला की आतली मोटार निखळली असेल असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दांडी टेबलाला घट्ट आवळली. टेबल भिंतीला टेकलेलं, भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी. आई तिथंच चटईवर पडली होती. विमान वर नेलं तर खरंच हाताला जोर लागला. मला हसू फुटलं. पुस्तकात वाचलं होतं की वेग फार कमी झाला की विमान थरथरतं आणि मग खाली कोसळतं. ते बघावं म्हणून नाक वर धरलं, इंजिन कमी केलं.

दांडी हादरायला लागली. टेबल भिंतीवर थडथडलं आणि मांडणीतली पेले-ताटं वाजायला लागली.

"हालायलंय!" आई ओरडली. "भाईर निघा! लेका, भाईर निघ!"

हादऱ्याचं कारण माझ्याच हातात होतं. तरी मी दांडी सोडून पळालो. बायकोला दंडाला धरून बाहेर ओढलं. शेजारच्या खोल्यांत क्लासची पोरं भाड्यानं राहायची. आईचा आवाज ऐकून तीही अनवाणी धावत आली, एकाच्या हातात पुस्तक तसंच उघडं होतं. बघता बघता सगळी गल्ली रस्त्यावर उभी राहिली. जो तो विजेच्या तारांकडे बघत होता, हलतायत का म्हणून. तारा स्थिर होत्या.

"काही झालेलं नाही," मी कसंबसं म्हणालो. "माझ्या कॉम्प्युटरचं यंत्र हादरलं."

कुणी हसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ फक्त म्हणाले, "सर, असलं यंत्र लातुरात नको." आई दिवेलागणीपर्यंत आत आली नाही. बायकोनं तिला चहा तिथंच, ओट्यावर नेऊन दिला.

दांडी परत करायची असं मी ठरवलं. ती सोडवत होतो तेवढ्यात आई दारात आली.

"ते हलव बरं परत."

"नको, आई."

"हलव म्हणते ना. मला बघू दे काय हाय ते."

ती खुर्ची ओढून बसली आणि टेबलावर तळवा टेकवला. मी पुन्हा विमान वर नेलं, वेग कमी केला. टेबल थडथडलं. तिनं डोळे मिटले, हात काढला नाही. माझं सगळं लक्ष तिच्या श्वासाकडे होतं.

"हे तसलं न्हाई," ती म्हणाली. "ते खालून आलतं. आदी आवाज आला, ट्रक आल्यावानी. तुझे वडील उठून बसले, म्हनले, कोन आलं बघ. मी दाराकडं गेले, म्हनून वाचले."

इतक्या वर्षांत तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळानं ती उठली आणि चटईवर जाऊन पडली.

ती सोसू शकली, मला जमेना. दांडी हातात घेतली की मी आधी मांडणीकडे कान द्यायचो. शेवटी मी ती नांदेडला नेऊन बदलून घेतली. दुकानदार कुरकुरला, पण हैदराबादच्या एका हौशी माणसाचं जुनं सुकाणू त्यानं मिळवून दिलं. वरची बाजू कापलेल्या स्टिअरिंगसारखं, आत साध्या स्प्रिंगा, खाली पायानं दाबायच्या दोन पट्ट्या. मोटार नाही, आवाज नाही.

ते बसवलं त्या संध्याकाळी आडव्या वाऱ्यात उतरायचा प्रयत्न केला. चाकं टेकली, विमान आपटलं नाही, पण धावपट्टी सोडून बाजूला घसरत गेलं.

"उतरलं का रे?" आतून आईनं विचारलं.

"उतरलं. पण गवतात गेलं."



"मानसं?"

"सगळी बरी आहेत, आई."