चिठ्ठीवर न केलेली सही

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीचा एक फुटबॉल क्लब होता आणि मी त्याचा सेक्रेटरी होतो. आता हे सांगायचंसुद्धा जिवावर येतं, पण विचारणारे विचारतात. पहिल्या मोसमात आम्ही सगळे सामने हरलो. वडाळ्याला मिठागरांच्या कडेला अनवाणी सराव करायचो. पाय सोललेला असला की तो खारट चिखल असा झोंबायचा की पोरं मलाच शिव्या घालायची.

पुढच्या मोसमात माझा धाकटा भाऊ सेंटर फॉरवर्ड खेळू लागला आणि चित्र पालटलं. आम्ही वरच्या डिव्हिजनमध्ये चढलो. चाळीत पेढे वाटले गेले. माझी छाती सदऱ्यात मावेना, जणू सगळे गोल मीच मारले होते.

भाऊ तेव्हा गिरणीत बदली कामगार होता. रोज सकाळी दाराशी उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर घरी परत. त्याचा खेळ पाहून दुसऱ्या एका गिरणीने निरोप धाडला, की आमच्या टीमकडून खेळ, साचेखात्यात, मागावर, कायम करतो. तेव्हा ती रीतच होती. चांगल्या खेळाडूला गिरण्या नोकरी देऊन ओढून न्यायच्या. फक्त जुन्या क्लबाने सोडल्याची चिठ्ठी लागायची, सेक्रेटरीच्या सहीची.

तो चिठ्ठी लिहूनच घेऊन आला.

"दादा, सही दी. कायमची नोकरी गावतली."

"एकच मोसम रव," मी म्हणालो. "आताच तर वर चढलंव."

त्याने चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. थोरल्या भावाशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि मी तिचाच फायदा घेतला.

तो मोसम संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत गेला. आज हरताळ, उद्या मोर्चा. आमचे दोन्ही बॅक सत्याग्रह करून तुरुंगात बसले, मी स्वतः पत्रकं वाटत फिरत होतो. कधी नऊच जण घेऊन मैदानात उतरायचो, कधी उतरायचोच नाही. अशाच एका सामन्यात भाऊ एकटा तिघांचं धावला आणि त्याचा गुडघा गेला. आम्ही पुन्हा खालच्या डिव्हिजनमध्ये आलो. त्याच्या पुढच्या वर्षी अकरा जण जमेनात, आणि क्लब आपोआप मिटला. आता सही करायला माझी काहीच हरकत नव्हती. पण गिरणीला केव्हाच दुसरा सेंटर फॉरवर्ड मिळाला होता.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सकाळी चाळीत दारोदार रांगोळ्या होत्या. मीही लोकांबरोबर घोषणा दिल्या, पण मन त्यात नव्हतं. भावाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि तो अजून बदलीवरच होता. चहा पिताना त्याच्या बायकोने त्याला सहज विचारलं, दुसऱ्या गिरणीचं बोलावणं आलं होतं म्हणतात, मग गेला का नाहीत?

"दादान सोडल्यान नाय," तो म्हणाला. "इतको बरो खेळ होतो माझो."

हे त्याने माझ्यासमोर, अभिमानाने सांगितलं. त्यापेक्षा त्याने मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.