जोसेफला एकही वाक्य नाही

"निःसंतान? आबा, हे निःसंतान कुणाला लिहिलंत?" अक्कानं कागद वडिलांच्या चहाच्या कपासमोर धरला. "मग आत पाळण्यात कोण किंचाळतंय? शेजाऱ्यांची मांजर?"

"आवाज खाली. वंशावळ आहे ती, रेशनकार्ड नव्हे," मल्हारराव म्हणाले. "वंशावळीत रक्त लिहितात."

"मग रक्तगटही लिहा. दवाखान्यात तरी उपयोग होईल."

सकाळपासून हेच चाललं होतं. देवासच्या जयसिंगरावांनी, म्हणजे मल्हाररावांच्या चुलतभावानं, कुळाची नवी वंशावळ छापायला काढली होती. चकचकीत कागद, मुलगे निळ्या शाईत, मुली गुलाबी. मुलींना जागा देणं ही त्यांची सुधारणा. धारच्या शाखेची नावं त्यांना आज संध्याकाळपर्यंत हवी होती. मल्हाररावांनी ती रात्री वळणदार अक्षरात लिहून ठेवली होती. स्वतःच्या नावाखाली दोन अपत्यं: इंदिरा (अविवाहित), राजवीर (निःसंतान).

मल्हारराव कन्नौदच्या तहसील कचेरीत बत्तीस वर्षं बाबू होते. सरदार ते निवृत्तीनंतर झाले.

पाळण्यातली चिऊ दहा महिन्यांची. राजवीर आणि प्रियांकानं तिला तीन महिन्यांपूर्वी रीतसर दत्तक घेऊन आणलं. बारसं करू या, असं प्रियांका पहिल्या आठवड्यात म्हणाली, तेव्हा मल्हारराव "बघू" म्हणाले. त्यांचं बघणं अजून संपलं नव्हतं. संस्थेनं कागदोपत्री दिलेलं नाव कुणाच्या तोंडी बसेना आणि नवं ठेवता येईना, म्हणून चिऊ.

इंदिरा म्हणजेच अक्का. एकोणसाठ पूर्ण. धारच्या एका मिशनच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. लग्न झालं नाही. सुरुवातीला पत्रिका जुळली नाही, नंतर कुणी पत्रिका मागितली नाही, आणि पुढे तिलाच घरात आणखी एक पुरुष नकोसा झाला. घरात शेवटचा शब्द तिचा असे, कारण बाकीचे आधीच दमत.

शाळेत दहावीचा प्रजननाचा धडा तिच्याकडे आणि डिसेंबरातलं नाताळचं नाटकही तिच्याकडेच. नोव्हेंबरात ती फळ्यावर आकृती काढून मूल कसं होतं ते सांगे आणि डिसेंबरात त्याच पोरांकडून पुरुषाचा संबंध न येता मूल कसं झालं ते वदवून घेई. पहिल्या वर्षी ती संगीताच्या मार्था मसीह मॅडमना म्हणाली होती, "मार्थाजी, सच बताइए, आप ये कुँवारी माँ वाली बात मानती हैं?"

मार्था मॅडम हार्मोनियम पुसत होत्या. "मानती हूँ. मॅडम, बच्चे कैसे होते हैं, हमें भी मालूम है. इसीलिए तो चमत्कार बोलते हैं. रोज़ होता तो कौन गाना गाता?"

त्या दिवशी शेवटचा शब्द मार्था मॅडमचा झाला. अक्काच्या आयुष्यात असं फार वेळा झालं नाही, म्हणून ते तिच्या लक्षात राहिलं.

आज तिनं तेच बाहेर काढलं. "आबा, तुमची वंशावळ किती पिढ्यांची?"

"अकरा. पुराव्यानिशी."

"ख्रिश्चनांच्या नव्या करारात पहिल्याच पानावर बेचाळीस आहेत. पोरांकडून पाठ करून घ्यायचे मी. अमक्याला तमका, तमक्याला ढमका. मधे चार बायका, त्यातली एक वेश्या, एक परमुलखातली. तुम्ही एकीलाही उंबरा ओलांडू दिला नसता. आणि एवढं सगळं राजा-बिजा करत त्या कुमारी आईच्या नवऱ्यापर्यंत, जोसेफपर्यंत आणतात आणि शेवटी सांगतात, मूल ह्याचं नव्हेच."

मल्हाररावांनी कप खाली ठेवला. कचेरीतला बाबू जागा झाला. "मग बेचाळीस नावं लिहिली कशाला? सगळी नोंद रद्द."

"तेच मी विचारलं होतं. मार्था मॅडम म्हणाल्या, 'खानदान के बस का होता तो बयालीस पीढ़ी में हो जाता. ये बच्चा दिया गया है, किसी ने कमाया नहीं. इसलिए किसी को सीना फुलाने का हक़ नहीं.'" अक्कानं वडिलांच्या छातीकडे पाहिलं. "आणि तरी त्या मुलाला त्याच घराण्यातलं म्हणतात. जोसेफच्या बाजूनं."

"कोणत्या कायद्यानं?"

"जोसेफनं नाव ठेवलं म्हणून. नाव ठेवलं की आपलं झालं."

"ते देवाचं मूल होतं," मल्हारराव म्हणाले. "ही कुणाची, कोण जाणे."

आतला पाळण्याचा आवाज थांबला. प्रियांका चिऊला कडेवर घेऊन दारात आली. "मामंजी, हे तुम्ही तिला चार वर्षांनी सांगणार, की मी आत्ताच सांगू?"

मल्हारराव खिडकीबाहेर पाहू लागले. चिऊनं त्यांच्या चष्म्याकडे हात केला.

राजवीर दाराशी स्टुलावर बसून बूट घालत होता. पीथमपुरला औषधांच्या कारखान्यात तो सुपरवायझर. दुपारच्या शिफ्टची बस कोपऱ्यावर यायला दहा मिनिटं होती. वय पंचेचाळीस, आणि वडील बोलत असताना त्यानं आजवर फक्त बूट घातले होते.

"आणि हा बघा आमचा जोसेफ," अक्का त्याच्याकडे वळली. "नाटकात मी त्याला एकही वाक्य दिलं नव्हतं. म्हटलं, ह्याचं कामच काय? गाढवाशेजारी उभं केलं. एकतीस वर्षं तो गाढव धरून उभा होता. आमच्या घरातही तेच."

"वन्सं, पुरे," प्रियांका म्हणाली.

"पुरे कसं? मार्था मॅडमना म्हटलं, सॉरी, पुढल्या साली त्यालाही दोन वाक्यं देते. तर म्हणाल्या, रहने दीजिए, किताब में भी एक नहीं है. तो बोलतच नाही. झोपेतून उठतो आणि स्वप्नात सांगितलं ते करतो. बायकोला घरी आणतो, पोराचं नाव ठेवतो. हे न बोलणं निराळं, राजू. तुझं निराळं."

राजवीरच्या एका बुटाची नाडी बांधायची राहिली होती. तो तसाच उठला. वडिलांच्या खिशातलं पेन काढलं, परवानगी न मागता, आणि मल्हारराव खिशावर हात ठेवून बघत राहिले. कागद टेबलावर ठेवून त्यानं स्वतःच्या नावापुढचा कंसातला शब्द खोडला. एकदा नाही, तीनदा, कागद फाटेपर्यंत. खाली लिहिलं: रेवा.

"रेवा?" अक्का म्हणाली. "कधी ठरलं? नाव आत्या ठेवते. आत्या मी आहे."

"कानात तू सांग. ठरवलंय मी," राजवीर म्हणाला. "तिला आणलं त्या दिवशीच."

प्रियांकानं नवऱ्याकडे पाहिलं; तिलाही हे आत्ताच कळत होतं.

"जयसिंगराव विचारतील," मल्हारराव म्हणाले. "त्यांना काय सांगायचं?"

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. राजवीरनं कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली.

"मी आज ड्यूटीवर जात नाही. देवासला जाऊन कागद माझ्या हातानं देतो. रविवारी बारसं आहे."