टिकली लावलेली रेकॉर्ड

लातूरचा मित्र मला भेटला तो नांदेडातल्या एका भंगारवाल्याच्या दारात. एकाच रेकॉर्डवर दोघांचा हात पडला आणि त्यानं ती मला घेऊ दिली. तेवढ्यावर मी त्याला जवळचा मानून बसलो. पुढं कितीतरी रविवारी चार रेकॉर्डी पिशवीत घालून मी एसटीनं लातूरला जायचो आणि त्याच्या माडीवर दुपारभर आम्ही ऐकत बसायचो. माझ्याकडं सीडी कपाटभर होत्या, पण रेकॉर्ड ऐकावी ती त्याच्याकडंच.

माझी एक रेकॉर्ड मात्र बाजारातली नव्हती. मावशीनं तरुणपणी भीमगीतांच्या एका लहान रेकॉर्डीत कोरस दिला होता. त्यात दोन ओळी एकटीनं म्हटलेल्या. कव्हरवर तिचं नाव कुठंच नाही. आपला आवाज कुठल्या बाजूला आहे ते चटकन कळावं, म्हणून तिनं त्या बाजूच्या लेबलावर लाल टिकली चिकटवली होती.

"दे माझ्याकडं," मित्र म्हणाला. "साफ करून सीडी काढून देतो. मावशींना घरी ऐकता येईल."

मी दिली. सीडी आली, रेकॉर्ड आली नाही. फोनवर त्याचा आवाज रडवेला होता. "गाडीत राहिली रे. उन्हानं पार वाकडी झाली. तुला दाखवायची लाज वाटली, टाकून दिली."

मीच त्याची समजूत काढली. मावशीपुढं त्याला वाईट ठरवायचं नव्हतं, म्हणून माझ्याच हातून वाकली असं तिला सांगितलं. ती हसली. "वाकली तर वाकली. मी हाय की जित्ती. म्हणून दावते." आणि तिनं त्या दोन ओळी म्हटल्या. दम पुरला नाही.

नंतर लातूरला गेलो तर माडीवर एक जडशीळ, परदेशी बनावटीचा प्लेयर. कुणा ओळखीच्यानं दिला म्हणाला. मला इतका आनंद झाला की पुढच्या खेपेला मी त्याच्यासाठी पेढे घेऊन गेलो.

गेल्या उन्हाळ्यात मोबाईलवर पुण्याच्या एका संग्राहकाचा व्हिडिओ समोर आला. दुर्मिळ रेकॉर्ड म्हणून तो दाखवत होता. लेबलावर लाल टिकली गरगर फिरत होती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मग त्या संग्राहकाला विचारलं. उत्तर सभ्य होतं. "लातूरच्या एका गृहस्थांनी अदलाबदलीत दिली, मी त्यांना प्लेयर दिला. आता परत देता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं. मोबाईल मित्रापुढं धरला. त्यानं पाहिलं आणि आधी दार लावून घेतलं, खाली बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून.

"लई मनाला लावून घ्यायलास," तो म्हणाला. "वर्षातून एकदा वाजवायचास ती. आणि आवाज तर दिलाच की तुला सीडीवर."

"मागितली असतीस तर?"

"दिली असतीस?"

"न्हाई."

"मग?"

त्याचं 'मग' अगदी सरळ होतं. बाजूला तो प्लेयर होता. त्याच्यावर ऐकताना मी डोळे मिटून मान डोलावली होती, आणि हा समोर बसून ते बघत होता. चहा येण्याआधी मी जिना उतरलो.

मावशीला सगळं खरं सांगितलं. तिला राग येईल वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी वाजती अजून?"

"वाजती."

"पुण्यात?" तिचा चेहरा खुलला. मला तिच्याबरोबर हसता आलं नाही.

परवा शेजारच्या सरांनी एक सीडी दोन दिवसांसाठी मागितली. इथंच बसून ऐका म्हणालो. ते ऐकत बसले. संपल्यावर त्यांच्यासमोरच मी सीडी काढली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.  त्यानंतर ते आले नाहीत.