उजव्या हाताची खुर्ची

त्या वर्षी सासरे अकोल्याहून इकडे परदेशात, आमच्याकडे क्लोनडॉकिनला राहायला आले होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा कामासाठी आठवडाभर गॉलवेला असायचा, त्यामुळे घरात मी आणि बाबा दोघंच. बोलणं जेवणापुरतं. ते संकोची, मी कायम घाईत.

एका संध्याकाळी लिक्सलिपच्या प्लांटमधलं काम संपवून परतताना मी राउंडअबाउटपाशी, म्हणजे गोल चौकाच्या तोंडाशी, गाडी थांबवली होती. उजवीकडून येणाऱ्या गाड्यांकडे बघत असतानाच मागून एक गाडी माझ्या गाडीवर येऊन आदळली. फार जोरात नाही. चालवणाऱ्या बाई रडवेल्या होऊन धावत आल्या, तर मीच त्यांना म्हटलं, "आय ॲम ग्रँड." इथं ग्रँड म्हणजे नुसतं ठीक. खरंच काही दुखत नव्हतं. बंपर चेपला होता, एवढंच.

सकाळी मात्र मान उशीवरून उचलेना. डोकं दोन्ही हातांनी धरून उठले. स्वयंपाकघरात बाबा चहा गाळत होते.

"काय झालं बेटा? काल तर बरी होती तू!"

डॉक्टरांनी नीट तपासलं. हाताला मुंग्या येतात का, पकड सैल वाटते का, विचारलं. तसं काही नव्हतं. झटक्यानं मानेचे स्नायू ताणले गेलेत, असं दुखणं बरेचदा दुसऱ्या दिवशी वर येतं, असं सांगून त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिनं पहिलंच विचारलं, "धडक बसली तेव्हा कुठे बघत होतीस?"

"उजवीकडे."

"म्हणूनच उजवी बाजू जास्त धरलीय. मानेला पट्टा नको, झोपून राहणंही नको. थोडी थोडी हलवत राहा."

घरी येऊन सांगितलं तर बाबा चक्रावले. "दुखते तर हलवा म्हणते? असं कसं बाप्पा!"

मलाही ते पटलं नव्हतंच. उजवीकडे वळलं की कळ यायची, आत काही तुटेल अशी भीती वाटायची. तिनं दिलेले व्यायाम मी गुपचूप सोडून दिले.

मग माझ्या रजेतल्या एका दुपारी बाबा माझ्या उजव्या हाताला खुर्ची ओढून बसले आणि आपणहून सासूबाईंबद्दल बोलायला लागले. त्यांचा आवाज इतका बारीक, की तोंडाकडे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. एकदा प्रवासात ते संत्री घ्यायला उतरले आणि एसटी सुटायला लागली. सासूबाई खाली उतरून थेट बससमोर उभ्या राहिल्या.

"म्हणे, माहा नवरा संत्री घ्याले गेला, तो येईपर्यंत बस हालायची नाही! अन् मी तिकडं भाव करून राह्यलो होतो."

मी हसले. हसताना मान दुखली, तरी हसले. दुसऱ्या दिवशी खुर्ची जराशी मागे होती. नंतर आणखी मागे.

"बाबा, मुद्दाम करताय ना?"

"मग काय करू? ते बाई सांगून राह्यली, तू ऐकतच नाही."

कधीही न भेटलेल्या सासूबाई त्या दुपारींमधून मला ओळखीच्या झाल्या. मान हळूहळू मोकळी झाली. भीती मात्र मागे रेंगाळली. गाडी पुन्हा चालवायला घेतली तेव्हा बाबा शेजारी बसले. मागे कुणी गाडी उभी केली, की माझे खांदे कानापर्यंत जायचे.

"खांदे खाली, बेटा," ते समोर बघतच म्हणायचे.

थंडी सुरू व्हायच्या आत ते परत गेले. त्याआधीच मी एकटी कामावर जायला लागले होते. आता त्यांना इतका लांबचा प्रवास झेपत नाही. दमट हवेत अजूनही कधी मान आखडते. मग मी हीटरला पाठ लावून बसते, हळूहळू मान फिरवते आणि दुखणं ओसरतं. त्या दिवसांत मी चांगलीच हैराण झाले होते, हे मला ठाऊक आहे. तरी आज त्या दुपारी आठवल्या, की सुट्टीसारख्या वाटतात, आणि त्या संपल्याचं वाईट वाटतं.