साउंड कार्ड टाकल्यावर

वडिलांना लकवा झाल्यापासून मी अहमदपूरच्या घरात अडकून पडले होते. एका ऑडिओबुक कंपनीसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, एवढंच काम घरून जमायचं. पण ‘मागे खरखर येते’ म्हणून रेकॉर्डिंग परत यायचं. नांदेडचा कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, “ताई, मदरबोर्डवरच्या ऑडिओचं असंच असतंय. वेगळं साउंड कार्ड टाका.” टाकलं. खरखर गेली, आणि पलीकडच्या खोलीतला वडिलांचा खोकला स्वच्छ ऐकू आला. रेकॉर्डिंग पुन्हा परत आलं. मी चिडून ते त्यांना ऐकवलं.

“लई खोकतो का गं मी?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी वाचताना खोकला आलाच नाही. जाऊन पाहिलं, तर त्यांनी चांगल्या हातानं तोंडावर उशी दाबून धरली होती. चेहरा लालबुंद झाला होता. मी उशी काढून घेतली. त्या दिवशी काहीच वाचलं नाही.