गुलकंदाची बदली

पाचव्या टेकलाही मुलं हसली.

सीन गंभीर होता. कॉलेजच्या जिन्याखाली गोळ्या विकणारी टोळी उभी आहे. हिरो धावत येतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, “गुलकंद आलाय. निघा.” टोळी पांगते, आजूबाजूचे विद्यार्थी घाबरतात. सीन एवढाच. पण ‘गुलकंद’ म्हटलं की मागच्या पंचवीस मुलांपैकी कुणाचे तरी खांदे हलायचे. एका मुलीनं तर ओढणीचं टोक दातात धरलं होतं.

दिग्दर्शक निखिल माझ्याकडं आला. “ताई, या वाक्यात हसण्यासारखं काय आहे?”

“काहीच नाही,” मी म्हणाले. तो शब्द माझ्याच सहीनं स्क्रिप्टमध्ये गेला होता.

मी डायलेक्ट कोच आहे. म्हणजे नट ज्या गावचा दाखवलाय, त्या गावचा वाटेल असं त्याला बोलायला शिकवायचं. त्याआधी बरीच वर्षं मी रेडिओवर निवेदन केलं. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या नाहीतर दप्तरं; ‘तिथे’चं ‘तिथं’ झालं तरी आईची भुवई वर जायची. लई, व्हय, नाय हे सगळं मी रेडिओच्या शेतीच्या कार्यक्रमाला येणाऱ्या लोकांकडून शिकले. आता त्यावर पोट चालतं.

सिरीजची गोष्ट अशी होती की, चार तरुण पोलीस अकरावीत ॲडमिशन घेतात आणि नशेच्या गोळ्यांचं जाळं शोधतात. शूटिंग छावणीकडच्या एका खऱ्या ज्युनियर कॉलेजात चाललं होतं. मागं दिसणारी मुलंही तिथलीच. हिरो अनीश सत्तावीस वर्षांचा, कोथरूडचा. ‘माझ्याकडे’ असं इतकं स्वच्छ म्हणायचा की आमच्या शहरात त्याला पहिल्याच पानटपरीवर ओळखलं असतं.

म्हणून मी एक युक्ती काढली होती. शूटिंगच्या आधी चार दिवस त्याला युनिफॉर्म घालून, नवीन ॲडमिशन म्हणून, कॅन्टीनमध्ये बसायला पाठवलं. कुणाला काही सांगायचं नाही. मुलं बोलतात ते ऐकायचं आणि वहीत उतरवून घ्यायचं. चौथ्या दिवशी तो चौदा शब्द घेऊन आला. खूश होता. म्हणाला, “ताई, कुणालाच संशय आला नाही. मी खरंच अंडरकव्हर राहिलो.”

चौदापैकी तेरा शब्द मला माहीत होते. चौदावा होता गुलकंद, म्हणजे साध्या वेशातला पोलीस. मी कधी ऐकला नव्हता. पण पोरांची भाषा दर दोन वर्षांनी कात टाकते. आपलं वय झालं, असं म्हणून मी पानावर ‘भाषा ओके’ लिहिलं आणि सही केली. लेखकाला शब्द फार आवडला. त्यानं तो अकरा ठिकाणी घातला.

तर पाचव्या टेकनंतर निखिलनं चहाचा ब्रेक दिला आणि मी ओढणी चावणाऱ्या मुलीला बाजूला घेतलं. तिचं नाव कोमल. पैठणकडच्या धनगरवाडीतून शिकायला आलेली, होस्टेलवर राहणारी. तिच्याबरोबर तिचा वर्गमित्र शहबाजही आला, न बोलावता.

“गुलकंद म्हणजे काय?” मी विचारलं.

कोमल जमिनीकडं बघत होती. “पोलीस, मॅडम.”

“खरं सांग.”

“उपप्राचार्य सर.”

उपप्राचार्य म्हणजे रत्नपारखी सर. इतिहास शिकवायचे. सगळ्या कॉलेजला त्यांचा धाक होता. जेवणानंतर रोज गुलमंडीतून आणलेलं पान खायचे, गुलकंद जास्त घातलेलं. आणि शिक्षा करण्याआधी अगदी गोड बोलायचे, “बाळा, जरा इकडं ये.” दोन्ही गोष्टी मिळून हे नाव पडलेलं. ते कॉरिडॉरच्या वळणावर दिसले की वर्गात इशारा जायचा, ‘गुलकंद आला.’

“मग अनीशला पोलीस का सांगितलं?”

“तो लिहून घेत होता ना,” कोमल म्हणाली. “लई मन लावून लिहीत होता. मग सांगावं वाटलं. स्पेलिंगबी मीच वाकून तपासून दिलं.”

“तो ॲक्टर आहे हे तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. त्यानं कॅन्टीनवाल्या काकाला थँक यू म्हटलं. अन् वडापावसंगं टिश्यू मागितला.”

“दाढी भी थी मॅडम,” शहबाज म्हणाला. “मुंडेली थी, पन हरी हरी दिखती थी. हमकू क्या मालूम, ये लोगां सच्ची में लिख लेंगे.”

मी निखिलला सांगितलं. त्यानं विचारलं, “किती सीन झालेत?”

“अकराच्या अकरा. हा शेवटचा.”

“आणि पुढच्या आठ दिवसांच्या परवानगीवर सही कुणाची लागते?”

“रत्नपारखी सरांची.”

अकरा सीन पुन्हा शूट करायला बजेट नव्हतं. राहिलं डबिंग. म्हणजे चित्र तेच ठेवायचं आणि आवाज नंतर रेकॉर्ड करून त्यावर बसवायचा. यात अडचण असते ती ओठांची. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात आणि ते पडद्यावर दिसतं. गुलकंदात ओठ कुठंच मिटत नाहीत, सुरुवातीला फक्त गोल होतात. त्यामुळं खबरी चालणार नाही, मामा चालणार नाही. ओठ गोल करून सुरू होणारा, कुठंही न मिटणारा, दोन ठोक्यांत संपणारा शब्द हवा.

संध्याकाळभर मी आरशासमोर उभी राहून शब्द म्हणून बघत होते. नवरा पेपर वाचत होता. त्यानं दोनदा चष्म्यावरून पाहिलं. शेवटी सापडला. उंदीर.

सकाळी मी कोमल आणि शहबाजला विचारलं. आता त्यांच्याशिवाय सही करायची हिंमत नव्हती. “पोलिसाला उंदीर म्हणतं का कुणी?”

“नाय, मॅडम.”

“मग चालेल का?”

“चालंल की,” कोमल म्हणाली. “गुलकंद तरी कुठं म्हणत होते.”

अनीश बिचारा फार हिरमुसला होता. चार दिवस आपण पोरांना फसवत नव्हतो, पोरं आपल्याला फसवत होती, हे पचायला वेळ लागला. तरी व्हॅनिटी व्हॅनमध्ये, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून डोक्यावर ब्लँकेट घेऊन, त्यानं अकरा वेळा ‘उंदीर आलाय’ रेकॉर्ड केलं. दहा भीतीचे आणि एक रागाचा. रागाचा सगळ्यांत चांगला झाला.

शनिवारी रत्नपारखी सरांचा निरोप आला. सही करण्याआधी, कॉलेज पडद्यावर कसं दिसतंय ते बघायचंय. एडिटरनं लॅपटॉप आणला. निखिलनं त्याला बजावलं होतं, नवीन आवाजाची फाइल लाव. त्यानं लावली जुनी.

सरांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. जिना दिसला. टोळी दिसली. अनीश धावत आला आणि दबक्या, पण अगदी स्पष्ट आवाजात म्हणाला, “गुलकंद आलाय.”

एडिटरचा हात लॅपटॉपकडं गेला आणि तिथंच थांबला. निखिल खिडकीबाहेर बघायला लागला. मी सरांच्या टेबलावरचा पेपरवेट वाचत होते, त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

“जरा मागं घ्या,” सर म्हणाले.

मागं घेतलं. गुलकंद आलाय.

“पुन्हा एकदा.”

पुन्हा घेतलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

“गुल म्हणजे फूल. कंद म्हणजे साखर, फारसीतला कंद,” ते म्हणाले. “निजामाच्या अमलात साध्या वेशातला शिपाई बाजारात फिरायचा, गोड बोलून माहिती काढायचा. लोक त्याला गुलकंद म्हणत. फार जुना शब्द आहे. मला वाटलं होतं मेला. कुणी शोधला?”

निखिलनं माझ्याकडं बोट केलं. इतक्या चपळाईनं मी त्याला कधी काही करताना पाहिलं नव्हतं.

“शाबास, बाई. हा शब्द बदलू नका,” सर म्हणाले, आणि परवानगीवर सही केली.

बाहेर आल्यावर निखिल म्हणाला, “सुटलो.” मला तसं वाटेना. माणसानं एवढ्या विश्वासानं आपल्याच टोपणनावाला इतिहास जोडावा आणि आपण मान डोलवावी, हे बरं नव्हतं. सिरीज आली की सगळं शहर ऐकणार होतं. कॉलेजची आजी-माजी मुलं पोट धरून हसणार होती, आणि सरांना कुणीतरी नंतर सांगणारच होतं.

सोमवारी आणखी पंचाईत झाली. सरांनी प्रार्थनेनंतर माइक घेतला आणि अख्ख्या कॉलेजला गुलकंद या शब्दाचा इतिहास सांगितला. निजाम, बाजार, साध्या वेशातला शिपाई, सगळं. मी मागं उभी होते. मुलं पुतळ्यासारखी उभी. कोमल नंतर म्हणाली, “मॅडम, हसावं म्हटलं तर हसूच येईना. सरच म्हणायले म्हटल्यावर मजा काय राहिली?”

त्याच दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं. म्हटलं, “सर, मला तुम्हाला एक सांगायचंय. राग येईल.”

“बसा,” ते म्हणाले. शिपायाला दोन चहा सांगितले.

मी सगळं सांगितलं. अनीशची वही, माझी सही, ओठ, उंदीर. फक्त मुलांची नावं सांगितली नाहीत. सर शांतपणे ऐकत होते. चहा आला. त्यांनी बशीत ओतला.

“बाई, बावीस वर्षं मी त्या कॉरिडॉरमधून चालतोय. वळणावर आलो की वर्गातून आवाज येतो. माझे कान चांगले आहेत.”

“मग ते निजामाचं?”

“ते बनवलं.”

“कधी?”

“दोनदा मागं घ्यायला लावलं ना तुमच्या पोराला. तेवढा वेळ पुरला.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “टोपणनाव पुसता येत नाही. रागावलं की आणखी घट्ट होतं. पण बदली करता येते, हे मला शनिवारी सुचलं. आता ते पोलीस खात्यात गेलं.”

“पण सर, हे इतिहास म्हणून...”

“वर्गात शिकवणार नाही. तेवढी लाज आहे.” मग म्हणाले, “आणि नावं तुम्ही लपवू नका. कोमल आणि तो शहबाज असणार. त्या वर्गात दुसऱ्या कुणाला एवढी कल्पनाशक्ती नाही.”

“काही कराल का त्यांना?”

“करणार ना. गॅदरिंगचं नाटक त्यांच्याकडून लिहून घेणार.”

उंदराच्या अकरा फायली अजून माझ्या पेनड्राइव्हमध्ये आहेत. सिरीज गुलकंदासकट आली आणि बरी चालली. कुणीही हसलं नाही. उलट एका निवृत्त गृहस्थांचा मला फोन आला. म्हणाले, अभिनंदन, आमचे आजोबा हाच शब्द वापरायचे, लहानपणी कानांनी ऐकलाय. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

मागच्या महिन्यात क्रांती चौकात सिग्नलला उभी होते. शेजारी स्कूटरवर दोन पोरं, दोघंही हेल्मेटशिवाय. पुढं कोपऱ्यात एक माणूस नुसताच उभा होता, पण पायात पोलिसांचे बूट आणि खाकी मोजे. मागचा पुढच्याला म्हणाला, “अबे वळव, गुलकंद है.” त्यांनी खरंच वळवली.

कॉलेजात सरांना आता कुणी गुलकंद म्हणत नाही. मध्ये काही आठवडे त्यांना नावच नव्हतं. मग नवीन पडलं. कोमलनं मला सांगितलंय, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या धंद्यात नव्या येणाऱ्यांना मी एकच सांगते. शब्द सांगताना पोरगं हसलं, तर शब्द बहुधा खरा असतो. अजिबात न हसता सांगितला आणि वर वहीत वाकून स्पेलिंगही तपासलं, तर सही करायची नाही.